डाव्या हाताला, तिसरी ओळ

लोक दिल्लीत उतरले की पहिल्यांदा इंडिया गेटला जातात. मी त्या दिवशी सकाळपासून दुपारी चारपर्यंत इंडिया गेट चुकवत होतो. हे काम किती अवघड आहे हे करून बघणाऱ्यालाच कळेल. तिथले रस्तेच असे आहेत की कुठूनही कुठं निघा, वाटेत ते उभंच. रिक्षावाला दर वेळी म्हणायचा, "साब, इंडिया गेट तो रास्ते में ही है," आणि मी दर वेळी म्हणायचो, "दुसऱ्या रस्त्यानं चला." चौथ्या वेळी त्यानं आरसा वळवून माझ्याकडं नीट बघून घेतलं.

मागच्या सीटवर माझ्या शेजारी माझी आत्या बसली होती. वडिलांची सख्खी बहीण, सत्तरीपुढची, नऊवारीवर माझ्या बायकोचा स्वेटर, पायात मोजे आणि मोज्यांवर चपला. मांडीवर पिशवी, पिशवीत धपाटे, चटणी, एक स्टीलचा डबा. डब्यात शेंगदाण्याचे लाडू होते. त्या लाडवांकडं बघायची माझी हिंमत नव्हती, त्याचं कारण सांगतो.

आत्याचं लग्न अहमदपूरजवळच्या एका गावात झालं. नवरा फौजेत. आमच्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात, म्हणून आम्हा भावंडांचे ते मामा, पण त्यांना पाहिलं आमच्यापैकी कुणीच नाही. लग्नानंतर ते दोनदा सुट्टीवर आले. मग बांगलादेशची लढाई लागली आणि तार आली. आत्या तेव्हा विशीचीही नव्हती. ती परत माहेरी आली, लोहा तालुक्यातल्या आमच्या गावी, आणि पुढं आम्हा सगळ्यांना तिनंच न्हाऊ-माखू घातलं.

मी चौथीत असताना शाळेत दिल्लीचा तक्ता लावला होता. गुरुजींनी छडीनं इंडिया गेट दाखवलं आणि सांगितलं, लढाईत मेलेल्या जवानांची नावं यावर कोरलेली आहेत. घरी येऊन मी ते आत्याला सांगितलं. ती लाडू वळत होती. हात थांबला तिचा. "आमच्यावाल्याचं हाय का रं त्यात?" तिनं विचारलं. मी म्हणालो, हाय. ती म्हणाली, तुला कसं ठाऊक. मी म्हणालो, गुरुजींच्या भिंगातून बघितलं. डाव्या हाताला, तिसऱ्या ओळीत.

तिनं मला अख्खा लाडू दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, कसं अक्षर हाय? मी म्हणालो, ठळक. आणखी एक लाडू. एवढीच गोष्ट. नऊ वर्षांच्या पोरानं लाडवासाठी मारलेली थाप, तीही त्या पोराच्या लेखी थाप नव्हतीच, कारण आत्याचा चेहरा असा फुलला होता की मलाही ते नाव दिसायला लागलं होतं.

पण ती थाप गावभर झाली. आत्यानं सगळ्यांना सांगितलं. लोह्याच्या बाजारात बांगड्यावाल्या चाचीला सांगितलं, दळणाच्या रांगेत सांगितलं, पेन्शनसाठी नांदेडला बँकेत गेली की तिथल्या शिपायाला सांगितलं. डाव्या हाताला, तिसरी ओळ. मी मोठा झालो, नांदेडला कॉलेजसमोर झेरॉक्सचं दुकान टाकलं, डोक्यावरचे केस गेले, तरी आत्याची ओळ तिसरीच. पुढं मला कळलं की इंडिया गेटवरची नावं फार जुन्या लढायांतली आहेत, इंग्रजांच्या काळातली. ते कळलं त्या दिवसापासून मी आत्यासमोर दिल्लीचं नाव काढलं नाही.

काढलं तिनंच. यंदा संक्रांतीला आमच्या घरी हळदीकुंकू होतं. बैठकीत बायका जमलेल्या, एकेकीला आग्रह चाललेला, नाव घ्या, नाव घ्या. आमच्याकडच्या जुन्या बायका एरवी नवऱ्याचं नाव तोंडानं उच्चारत नाहीत. घ्यायचं ते उखाण्यात, तेही कुणी आग्रह केला तर. आणि जिचा नवरा गेला तिला कुणी आग्रह करत नाही. आत्या आत स्वयंपाकघरात वाट्यांत तिळगूळ भरत होती आणि बाहेरचा एकेक उखाणा ऐकून हसत होती. मी पाणी प्यायला आत गेलो तर म्हणाली, "औंदा मला दिल्ली दाखव बाप्पा. गुडघे हायत तवर बगून घेते."

नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. फेब्रुवारीचं तिकीट काढलं.

नांदेडहून दिल्लीला थेट गाडी आहे, त्यामुळं डब्यात निम्मी मंडळी गुरुद्वाऱ्याचं दर्शन घेऊन पंजाबला परतणारी. समोरच्या सीटवर एक म्हातारे सरदारजी आणि त्यांची बायको. आत्याची हिंदी लोह्याच्या बाजारात घडलेली. परभणी यायच्या आत तिनं त्यांना सांगून टाकलं, "हमारेवाले का नाम इंडिया गेट पे है. बाये हात कू, तिसरी लाईन." सरदारजी उठले आणि वाकून तिच्या पाया पडले. मला वाटलं मनमाडलाच उतरावं आणि मिळेल त्या गाडीनं पळावं.

तर असा मी दिल्लीत. दिवसभराची रिक्षा ठरवली ती मफलर गुंडाळलेल्या एका बिहारी गृहस्थाची. तो आत्याला अम्मा म्हणायचा आणि आत्या त्याला भैया. माझा बेत सोपा होता. बाईला इतकं दाखवायचं, इतकं दाखवायचं की संध्याकाळी तीच म्हणेल, पुरे झालं, चल गाडीला.

पहिला लाल किल्ला. दारातल्या तपासणीत आत्याची पिशवी यंत्रातून गेली आणि यंत्र बोंबललं. पोलीसबाईनं आतून चंची काढली, चंचीतून अडकित्ता. "ये क्या है?" आत्यानं तिच्या हातातून तो घेतला, खांडभर सुपारी कातरून तिच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "खाव. खाके बोलो." मागं शंभर माणसांची रांग. पोलीसबाई हसू दाबत म्हणाली, ड्यूटी पे हूँ अम्मा. शेवटी अडकित्ता रिक्षावाल्याकडं ठेवायला मी बाहेर धावलो, परत रांगेत आलो, तोवर आत्या पुढं जाऊन त्याच बाईला माझ्याबद्दल सांगत होती की याला लहानपणी गोवर आला होता.

किल्ला तिनं कमरेवर हात ठेवून पाहिला. "मोठा हाय," ती म्हणाली. "पण आपला कंधारचा बरा. खंदकात पाणी तरी हाय."

मी खूश झालो. असंच चालू दे. तिथून राजघाट. चपला काढल्या, मोजे काढले, मोजे माझ्या खिशात. काळ्या दगडाला तिनं लांबून हात जोडले आणि बराच वेळ बघत राहिली. "ह्येच्यावर त्येंचं नाव कुठंय?"

मी सांगितलं, नाव नाही, 'हे राम' लिहिलंय.

"हाव," ती म्हणाली. "मोठ्या मान्साला नावाची गरज न्हाई. बारक्यालाच लागती." आणि लगेच, "आता इंडिया गेट का रं?"

"आधी कुतुबमिनार. नंतर गर्दी होते."

रिक्षावाला म्हणाला, साब, इंडिया गेट तो. मी म्हणालो, दुसऱ्या रस्त्यानं.

त्या दुसऱ्या रस्त्याच्या नादात आम्ही कनॉट प्लेसला पोचलो आणि त्या गोल बाजाराला दोन चकरा मारल्या. आत्या रिक्षातून अर्धी बाहेर. "अगं बाई! ही तर लातूरची गंजगोलाई!" पांढरे खांब, गोल रस्ता, भोवती दुकानं, खरंच की. मी इतका हसलो की रिक्षावालाही कारण न कळता हसायला लागला. तिसरी चकर आत्याच्या हुकमावरून झाली. तिला बघायचं होतं की देवीचं देऊळ मधोमध कुठंय. देऊळ नाही म्हटल्यावर तिनं दिल्लीला नापास केलं.

कुतुबमिनाराखाली मान वर करून ती मागं मागं सरकत गेली आणि एका जपानी बाईच्या पायावर पाय देऊन बसली. जपानी बाई वाकून नमस्कार करतेय म्हणून हीही वाकली, ही वाकली म्हणून ती पुन्हा वाकली. दोघींपैकी आधी थांबायचं कुणी, हे ठरेना. शेवटी आत्यानं तिला धपाटा दिला. बागेबाहेर रिक्षाजवळ आम्हीही जेवायला बसलो. रिक्षावाल्यानं चटणीबरोबर तीन धपाटे खाल्ले, नाक पुसलं, आणि आत्या हात धुवायला गेल्यावर माझ्याकडं झुकून विचारलं, "साब, इंडिया गेट से क्या दुश्मनी है?"

खरं तर कुणालातरी सांगायचंच होतं. मी भडाभडा सगळं सांगून टाकलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, अहो, गेटच्या मागंच आता नवं स्मारक झालंय, फौजींचं. तिथं नावं आहेत. जुन्या लढायांची सोडा, स्वातंत्र्यानंतरची सगळी.

सगळी? साध्या शिपायांचीसुद्धा? असं नवं काही बांधल्याचं माझ्याही कानावर होतं. फोन खिशात होता, तिकीट काढलं तेव्हाच शोधून बघता आलं असतं. पण मी शोधलं नव्हतं. शोधून नाव सापडलं नाही तर पुढं काय, या भीतीनं मी ते पान उघडलंच नव्हतं. भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते उगाच नाही.

"चला," आत्या पदराला हात पुसत आली. "आता मला कुठंबी नेऊ नको. आता तिथंच."

चार वाजले होते. इंडिया गेटला ऊन तिरपं पडलं होतं. फुगेवाले, फोटोवाले, शाळेच्या सहली. आत्यानं मोजे नीट केले, पदर डोक्यावर घेतला आणि इतकी झपाझप चालली की मला पळावं लागलं. कमान समोर आली. तिनं माझ्याकडं न बघता डावा हात धरला, म्हणजे खरंच डावीकडच्या बाजूला गेली, साखळीशी उभी राहिली आणि बोट वर करून मोजलं. एक. दोन. तीन.

"वाच," ती म्हणाली. डोळे मिटले, हात जोडले.

आत्याला वाचता येत नाही. तिसऱ्या ओळीत कुणीतरी सिंग होता, इंग्रजी अक्षरांत. मी मामांचं नाव मोठ्यानं म्हटलं असतं तर सगळं तिथंच सुखानं संपलं असतं. ती नमस्कार करून घरी गेली असती, आणखी दहा वर्षं गावाला सांगितलं असतं, आणि कुणाचंही काही बिघडलं नसतं. माझं तोंड उघडलंही होतं. पण मिटल्या डोळ्यांनी ती अशी वाट बघत होती, जसा मी लहानपणी लाडवासाठी हात पुढं करून उभा राहायचो. मला ते जमेना.

"आत्या, इथं न्हाई."

तिनं डोळे उघडले नाहीत. "मंग?"

"ही नावं लई आधीच्या लढायांतली हायत. मी तवा खोटं बोललो. भिंगबिंग काही नव्हतं."

फुगेवाल्याची पिपाणी वाजत होती. आत्यानं डोळे उघडले, त्या तिसऱ्या ओळीकडं बघितलं. "हे कुणाचं हाय?"

"कुणीतरी सरदार."

"असू दे," ती म्हणाली आणि जोडलेले हात कपाळाला लावले. "त्येचं बी कुणी असंल गावाकडं." मग माझ्याकडं वळली. "किती लाडू खाल्ले व्हतेस?"

"दोन-तीन."

"सात," आत्या म्हणाली.

मला रडूही आलं आणि हसूही, आणि दोन्ही दाबताना ठसका लागला. तिनं पाठीवर थोपटलं, जरा जोरातच थोपटलं. मी कसाबसा म्हणालो, मागं एक नवं स्मारक बांधलंय. तिथं असंल. नसंलही. मला ठाऊक न्हाई.

"असंल-नसंल काय करून राहिलास? चल की."

आता मात्र मला तिच्यापुढं धावायचं होतं. स्मारक म्हणजे गोल गोल भिंती, एकीत एक, मधोमध उंच खांब आणि ज्योत. भिंतींत दगडी विटा आणि प्रत्येक विटेवर एक नाव, सोनेरी अक्षरांत. इतकी नावं होती की मी पाहतच राहिलो. आत्याचा पहिल्यांदा धीर सुटलेला दिसला. तिनं माझा शर्ट धरला. "एवढ्यांत कसं घावंल रं?"

नाव शोधायला संगणकाचे पडदे लावले होते. तिथं वर्दीतला एक जवान मदतीला उभा. त्यानं अदबीनं विचारलं, "माताजी, शहीद का नाम?"

आत्या गप्प. बँकेत, रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, जिथं जिथं नवऱ्याचं नाव विचारलं तिथं ती अशीच गप्प बसायची आणि मी किंवा वडील पुढं होऊन सांगायचो. मी पुढं झालो, नाव सांगितलं. पडद्यावर त्या नावाचे बरेच जण आले. आमच्याकडं ते नाव घरटी एक असतं. जवान म्हणाला, नंबर मालूम है?

"नंबर इचार की मंग!" आत्या एकदम खुलली. आणि पेन्शनच्या कागदावरचा मामांचा फौजेतला नंबर तिनं घडाघडा म्हणून दाखवला, आपल्या मराठी आकड्यांत, सत्त्याऐंशी, एकोणचाळीस करत. जवान बिचारा तमिळ असावा. तो माझ्याकडं बघायला लागला. मी एकेक आकडा हिंदीत करून सांगितला, त्यानं यंत्रात घातला आणि मी खिशातले मोजे घट्ट धरून उभा राहिलो. मोजे अजून माझ्याच खिशात होते की परत आत्याच्या पायात, हेही मला आठवत नव्हतं. खिशात रुमाल होता.

जवान हसला. पडद्यावर नाव होतं. पलटण, साल, आणि भिंत कितवी, हेसुद्धा.

आम्ही त्या भिंतीपाशी गेलो. मी वरपासून बघत होतो, आत्या वाचता येत नसतानाही खालून. शेवटी मलाच सापडलं, गुडघ्याच्या उंचीवर. "बरं झालं खाली हाय," आत्या म्हणाली, "त्या कुतुबनं मान गेलीच व्हती." आणि ती खाली बसली, चुलीपुढं बसावं तशी मांडी घालून, पदर सावरून. अक्षर ठळक होतं. एवढं तरी मी खरं बोललो होतो.

"वाचू?" मी विचारलं आणि तोंड उघडलं.

तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "तू नको घेऊ. मला कुणी इचारलं न्हाई आजवर. मीच घेते."

आणि माझी सत्तरीपुढची आत्या दिल्लीच्या उन्हात त्या विटेकडं बघत मोठ्यानं म्हणाली:

"लाल किल्ला पाह्यला, मिनार पाह्यला, पाय गेले सुजून,
—रावांचं नाव घेते, सोन्याचं अक्षर बगून."

मधलं नाव मी इथं लिहीत नाही. ते घ्यायचा मान तिचा आहे.

शेजारी कुठल्यातरी गावाहून आलेल्या बायकांचा घोळका होता. त्यांना शब्द कळले नसणार, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या. आत्या लाजली. अशी लाजली की सतरा-अठरा वर्षांची पोर कशी दिसत असेल ते मला पहिल्यांदा दिसलं. बायकांनी हातानं खूण केली, पुन्हा. तिनं पुन्हा घेतलं. मग तिसऱ्यांदा कुणी न सांगताच घेतलं. मी भिंतीकडं तोंड करून पोटभर रडून घेतलं आणि आनंदही मला इतका झाला होता की तिथंच कोलांटी मारावीशी वाटत होती.

उठताना तिनं डबा काढला. एक लाडू जवानाला दिला. तो नको नको म्हणत होता, तिनं त्याच्या मुठीत कोंबला. बायकांना दिले. मी हात पुढं केला तर झाकण लावून टाकलं. "तुझे खाऊन झालेत."

रिक्षावाला फाटकाशी वाट बघत उभा होता. आमचे चेहरे बघून त्याला काय ते कळलं, तरी त्यानं विचारलंच. "मिला, अम्मा? क्या नाम था उनका?"

मी सवयीनं सांगायला वळलो. आत्यानं माझ्या दंडावर हात ठेवून मला थांबवलं. आणि तिनं स्वतःच नाव सांगितलं. उखाणा नाही, राव नाही. आधी नाव, मग त्यांच्या वडिलांचं नाव, मग आडनाव, गाव, तालुका अहमदपूर, जिल्हा लातूर. शाळेत गुरुजींनी हजेरी घ्यावी तसं सरळ, एका दमात.

मग रिक्षात मागं टेकून बसली, पाय पसरले आणि म्हणाली, "ह्या भैयाला एक लाडू दे बाप्पा. अन् त्या गंजगोलाईला आणखी एक चकर मारा म्हण."